विंडोज फॉर्म्सवर पहिला प्रोग्रॅम: वाचनालयाच्या टेबलावरून एक परीक्षण

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी आणि उशिराचा दंड एवढ्या तीन कामांपुरता एक छोटा प्रोग्रॅम आपणच लिहावा, असे दोन वर्षांपूर्वी मनाने घेतले आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ हे साधन, त्यातील विंडोज फॉर्म्स ही पद्धत आणि सी शार्प ही भाषा निवडली. प्रोग्रॅमिंगचे शिक्षण म्हणावे तर फार वर्षांपूर्वी एका खासगी वर्गात केलेला तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याची झेरॉक्स टिपणे, एवढीच शिदोरी होती. हे परीक्षण त्या दोन वर्षांच्या रोजच्या वापरावर आधारलेले आहे. दुकानाचे बिल, पतसंस्थेची पावती किंवा शाळेचा दाखला छापणारा एखादा प्रोग्रॅम ज्यांना स्वतःच उभा करायचा आहे, त्यांना ते उपयोगी पडेल. मुरलेल्या प्रोग्रॅमरला त्यात नवे काही सापडणार नाही.

मत आधीच सांगून टाकतो. साधन घेण्याजोगे आहे आणि विंडोजच्या संगणकावर चालणाऱ्या छोट्या कार्यालयीन कामासाठी याहून लवकर हाताशी येणारे दुसरे साधन मला सापडले नाही. मात्र नवशिक्याला त्यात ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेकींचे मूळ त्याच्या सोपेपणातच आहे. आपण माउसने बटन ओढून फॉर्मवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडकीवर, ठेवतो तेव्हा हे साधन आपल्या वतीने मागच्या मागे कोड लिहीत असते, आणि तो कोड आपण कधी उघडूनही पाहत नाही. अडचण आली की दोष आपण लिहिलेल्या ओळींत शोधत बसतो आणि तो असतो न वाचलेल्या ओळींत.

पार्श्वभूमी थोडक्यात. फॉर्म रेखाटून प्रोग्रॅम करण्याची ही रीत १९९१ सालच्या पहिल्या व्हिज्युअल बेसिकपासून लोकप्रिय झाली. १९९८ च्या व्हीबी ६ वर (व्हिज्युअल बेसिक ६) हात बसलेले लोक आजही जागोजागी भेटतात. विंडोज फॉर्म्स हे २००२ साली डॉट नेट फ्रेमवर्क या, असे प्रोग्रॅम चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पायाभूत व्यवस्थेच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आले, २०१८ च्या अखेरीस त्याचा स्रोत खुला झाला आणि २०१९ च्या डॉट नेट कोअर ३.० पासून ते नव्या डॉट नेटवरही चालू लागले. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती २०१४ पासून विनामूल्य मिळते आणि एकट्या व्यक्तीला ती वापरण्यास काहीच अडसर नाही. लहान संस्थेतही पाच जणांपर्यंत ती चालते. माझ्याकडे २०२२ ची आवृत्ती आहे. हे सर्व विंडोजपुरतेच आहे, आणि नावात साम्य असले तरी व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे निराळे साधन असून त्याच्यासोबत फॉर्म रेखाटण्याची सोय येत नाही, हे डाउनलोड करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

पहिली ठेच बहुधा प्रकल्प सुरू करतानाच लागते. स्थापना करताना 'डॉट नेट डेस्कटॉप डेव्हलपमेंट' या गटावर खूण केली नसेल, तर विंडोज फॉर्म्सचे साचे (नव्या प्रकल्पाचे तयार नमुने) यादीत दिसतच नाहीत. ती खूण केली असली तर एकाऐवजी दोन जवळपास सारख्या नावांचे साचे दिसतात: एक नुसता 'विंडोज फॉर्म्स ॲप' आणि दुसरा त्याच नावापुढे कंसात 'डॉट नेट फ्रेमवर्क' लिहिलेला. पहिला नव्या डॉट नेटसाठी, दुसरा जुन्या ४.८ च्या परंपरेसाठी. शिवाय प्रत्येक साचा सी शार्प आणि व्हिज्युअल बेसिक अशा दोन भाषांत असतो. घाईने चुकीच्या भाषेचा साचा उघडून, पुस्तकातील अर्धविराम का चालत नाहीत याचा विचार करत मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. टूलबॉक्स रिकामी दिसणे हीही अशीच किरकोळ पण छळणारी गोष्ट. समोर कोडची खिडकी उघडी असेल किंवा प्रोग्रॅम चालू स्थितीत असेल तर टूलबॉक्समध्ये बटने आणि चौकटी दिसत नाहीत. प्रोग्रॅम थांबवून फॉर्मचे रेखाचित्र समोर आणले की त्या परत येतात.

खरी शाळा सुरू होते ती फॉर्मवर डबल क्लिक केल्यावर. विंडोज फॉर्म्समध्ये एका फॉर्मच्या तीन फाइली असतात. 'फॉर्म१.सीएस' आपली, 'फॉर्म१.डिझायनर.सीएस' साधनाची, आणि 'फॉर्म१.रेसएक्स' ही चित्रे व मजकूर ठेवण्याची. पहिल्या दोन मिळून एकच वर्ग (क्लास) तयार होतो. रेखाचित्रात बटनावर डबल क्लिक केले की आपल्या फाइलमध्ये 'बटन१_क्लिक' नावाचे रिकामे फंक्शन तयार होते, एवढे आपल्याला दिसते. त्याच क्षणी दुसऱ्या फाइलमध्ये, 'इनिशिअलाइझ कंपोनंट' या भागात, त्या बटनाचा क्लिक या फंक्शनला जोडणारी एक ओळ लिहिली जाते, ती दिसत नाही. आता नवशिक्याचा हात चुकून लेबलवर डबल क्लिक करतो, नको असलेले 'लेबल१_क्लिक' तयार होते, आणि तो ते नीटनेटकेपणाने खोडून टाकतो. पुढच्याच क्षणी प्रोग्रॅम बांधला जाणे (बिल्ड), म्हणजे कोडपासून चालणारी फाइल तयार होणे, बंद होते. चुकांच्या यादीत 'सीएस १०६१' या क्रमांकाची तक्रार येते, तिचा अर्थ असा की फॉर्म१ मध्ये लेबल१_क्लिक नावाचे काहीच नाही. काही वेळा तर रेखाचित्राच्या जागी पांढरे पान येते आणि माहिती नष्ट होऊ नये म्हणून आधी पुढील चुका दुरुस्त करा, अशी सूचना त्यावर दिसते. आपला फॉर्म गेला, या समजुतीने मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा सगळा प्रकल्प टाकून नवा सुरू केला होता. नव्यातही चार दिवसांनी तेच झाले.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. चुकांच्या यादीतील ओळीवर डबल क्लिक करावे, डिझायनरची फाइल नेमक्या जागी उघडते, 'लेबल१.क्लिक' पुढे अधिक-बरोबर चिन्ह असलेली ती एकच ओळ खोडावी, फाइल जतन करावी आणि रेखाचित्र पुन्हा उघडावे. गंमत अशी की त्याच जागी वर ठळक सूचना लिहिलेली असते की हा भाग कोड संपादकात बदलू नका. सूचना योग्यच आहे, कारण तेथे मन मानेल तसे लिहिलेले साधन पुढच्या वेळी पुसून टाकते किंवा त्याला ते वाचता येत नाही. पण नवशिका ती वाचून घाबरतो आणि जेथे औषध आहे त्या खोलीलाच कुलूप लावतो. त्या फाइलमध्ये नवे काही लिहू नये, परंतु ती वाचावी, आणि अनाथ झालेली ओळ निर्धास्तपणे काढावी, असे मी म्हणेन. मुळात नको असलेले फंक्शन काढायचेच असेल तर गुणधर्मांच्या खिडकीत विजेच्या चिन्हाखाली त्या घटनेसमोरचे (इव्हेंट, उदा. क्लिक) नाव आधी पुसावे आणि मग कोड खोडावा, म्हणजे वरचा प्रसंगच येत नाही.

याच्या उलटा प्रकारही तितकाच नित्याचा आहे. खासगी वर्गाच्या त्या जुन्या टिपणांत पानेच्या पाने कोड होता. मी तो जसाच्या तसा टंकला, एकही चूक निघाली नाही, फॉर्म उघडला आणि बटन दाबले तर काहीच घडले नाही. फंक्शन होते, बटन होते, फक्त दोघांची गाठ कोणी घालून दिली नव्हती, कारण ती गाठ डबल क्लिकने पडते आणि ही गोष्ट टिपणे लिहिणाऱ्याला इतकी सवयीची होती की त्याने ती लिहिलीच नाही. विजेच्या चिन्हाखाली क्लिक या घटनेसमोर ते फंक्शन निवडले की काम झाले. नावांबाबतही एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी: बटन ठेवल्याबरोबर, डबल क्लिक करण्याआधी, त्याला अर्थाचे नाव द्यावे. फॉर्मवर 'टेक्स्टबॉक्स७' आणि 'टेक्स्टबॉक्स११' असे रहिवासी झाले की वर्गणी कोणत्या चौकटीत आहे आणि दंड कोणत्या, हे आठवड्याने लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. नंतर बदलायचेच असेल तर नावावर कर्सर ठेवून एफ २ दाबावे; मग डिझायनरच्या फाइलमधील उल्लेखही सोबत बदलतात.

एका संवादचौकटीविषयी मात्र मला तक्रारच करायची आहे. कोडमध्ये चूक असताना एफ ५, म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याची कळ, दाबली, तर बांधणीत चुका आहेत, शेवटची यशस्वी बांधणी चालवायची का, असे विचारले जाते. 'हो' म्हटले की कालचा प्रोग्रॅम चालतो. नवशिका दंडाचे सूत्र बदलतो, 'हो' दाबतो, दंड जुनाच दिसतो, पुन्हा सूत्र बदलतो, पुन्हा 'हो' दाबतो. चौकटीत 'पुन्हा विचारू नका' अशी खूणही आहे. ती केली की प्रश्नही येत नाही आणि आपण जुन्याच प्रोग्रॅमशी झुंजत राहतो. पर्यायांच्या खिडकीत 'बिल्ड अँड रन' या पानावर, चुका असल्यास प्रोग्रॅम सुरू करू नये, असा पर्याय आहे. तो स्थापनेनंतर लगेच निवडावा. मुळातच तो तसा निवडून दिलेला असायला हवा होता.

व्हीबीवरून येणाऱ्यांना एक गोष्ट विशेष जड जाते. तेथे 'फॉर्म२.शो' एवढे लिहिले की फॉर्म उघडत असे, कारण प्रत्येक फॉर्मची एक तयार प्रत भाषाच पुरवत असे. सी शार्पमध्ये 'न्यू' लिहून प्रत स्वतः तयार करावी लागते. मग सभासद शोधण्याच्या फॉर्ममधून निवडलेले नाव मुख्य फॉर्मवर पाठवायचे म्हणून नवशिका तेथे 'न्यू फॉर्म१' लिहितो आणि त्या फॉर्मच्या चौकटीत नाव भरतो. चूक येत नाही, नावही दिसत नाही, कारण नाव भरले गेले ते एका दुसऱ्याच, कधी न दाखवलेल्या फॉर्मवर. एकाच आराखड्याच्या दोन घरांत राहणाऱ्यांपैकी भलत्याच्या दारात पत्र टाकण्यासारखे हे आहे. शोधाच्या फॉर्मला एक गुणधर्म द्यावा, तो 'शो डायलॉग' ने उघडावा आणि तो बंद झाल्यावर मुख्य फॉर्मनेच तो गुणधर्म वाचावा, ही रीत सर्वांत सरळ.

आता ज्या अडचणीने मला सर्वाधिक शिकवले, आणि जी इंग्रजी पुस्तकांत कधी आढळली नाही, ती सांगतो. सभासद क्रमांकाच्या चौकटीत फक्त अंकच टंकता यावेत, म्हणून सर्वत्र सांगितला जाणारा उपाय मी केला: कळ दाबली जाण्याच्या घटनेत 'कॅर.इज डिजिट' ने तपासावे आणि अंक नसेल तर कळ नाकारावी. घरी सर्व ठीक चालले. वाचनालयात पहिल्याच दिवशी, क्रमांक टंकून शोध दाबताच प्रोग्रॅम कोसळला. पडद्यावर मजकूर असा, की दिलेली अक्षरे योग्य स्वरूपात नाहीत. चौकटीत मात्र स्पष्ट अंकच दिसत होते: २४७. आमच्या सहकारी बाई सभासदाचे नाव मराठीत टंकून तशाच मराठी कळफलकावर क्रमांकाकडे वळल्या होत्या, त्यामुळे अंक देवनागरी उमटले होते. 'इज डिजिट' हे युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिपींच्या अक्षरांसाठीच्या संकेतप्रणालीच्या, व्याख्येने चालते आणि त्या व्याख्येत देवनागरी अंक हे पक्के अंक आहेत, म्हणून पहारेकऱ्याने त्यांना आत सोडले, 'इंट.पार्स' मात्र केवळ इंग्रजी शून्य ते नऊ हेच अंक ओळखते, म्हणून आतल्या कारकुनाने त्यांना हाकलले. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर, आणि प्रोग्रॅम आडवा.

यावर दोन मार्ग आहेत. कळ तपासतानाच ती इंग्रजी शून्य आणि नऊ यांच्या दरम्यान आहे का असे पाहावे आणि देवनागरी अंक नाकारावेत, हा एक मार्ग. मी तो घेतला नाही, कारण मराठी वाचनालयाच्या प्रोग्रॅमने मराठी अंक नाकारावेत हे मनाला पटले नाही. 'कॅर.गेट न्यूमरिक व्हॅल्यू' हे फंक्शन '२' या अक्षराची किंमत दोन अशीच देते. त्याच्या आधारे चौकटीतील प्रत्येक अंक आधी बदलून घेणारे सात-आठ ओळींचे एक फंक्शन लिहिले आणि सर्व चौकटी त्यातून नेल्या. त्याच ओघात 'पार्स' च्या जागी सगळीकडे 'ट्राय पार्स' आणले. चौकट रिकामी असली तरी 'पार्स' अपवाद (एक्सेप्शन) फेकते, म्हणजे चालता प्रोग्रॅम चुकीने थांबतो, आणि रिकामी चौकट ही काउंटरवर दिवसातून वीस वेळा घडणारी गोष्ट आहे. 'ट्राय पार्स' नुसते नाही म्हणते आणि पुढे काय करायचे ते आपल्यावर सोपवते.

तारखांचे दुखणे याच जातीचे आहे. मजकूर म्हणून टंकलेली ०५/०६/२०२४ ही तारीख भारतीय मांडणीच्या विंडोजवर ५ जून आणि अमेरिकी मांडणीच्या विंडोजवर ६ मे अशी वाचली जाते. २५/०६ असेल तर दुसरे यंत्र ती नाकारतेच. पुस्तक परत करण्याची तारीख अशी महिनाभर मागेपुढे झाली की दंडावरून वाद ठरलेला. तारखेसाठी मजकुराची चौकट वापरूच नये, 'डेट टाइम पिकर' वापरावा आणि त्याची किंमत तारीख म्हणूनच पुढे द्यावी. रकमेच्या बाबतीत मात्र हीच प्रादेशिक मांडणी उपयोगी पडते: भारतीय मांडणी निवडली की 'एन२' एवढ्या सूचनेने १२,३४,५६७.०० असे आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम आपोआप पडतात.

डेटाबेसकडे वळल्यावर नवशिक्याची झोप उडवणारा प्रसंग म्हणजे भरलेली माहिती नाहीशी होणे. दहा सभासद नोंदवावेत, यादीत ते दिसावेत, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा एफ ५ दाबावे आणि यादी रिकामी असावी. प्रकल्पात जोडलेल्या डेटाबेस फाइलच्या गुणधर्मांत 'कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी' समोर 'कॉपी ऑल्वेज' असेल, तर बांधणीच्या वेळी मूळची कोरी फाइल 'बिन' मधील, म्हणजे बांधलेला प्रोग्रॅम जेथे ठेवला जातो त्या फोल्डरमधील, फाइलवर येऊन बसते. आपण भरलेली माहिती त्या 'बिन' मधल्या प्रतीत होती. 'कॉपी इफ न्यूअर' निवडल्याने बव्हंशी भागते. मी शेवटी डेटाबेस प्रकल्पाबाहेर स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवला आणि निश्चिंत झालो. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधील स्तंभ 'व्हारचार' या, सहसा देवनागरी न साठवणाऱ्या, प्रकारचा आहे असे समजावे, किंवा स्तंभ 'एनव्हारचार' असूनही आदेशात मजकुरापूर्वी 'एन' लावलेला नाही. एकदा प्रश्नचिन्हे साठली की मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. मजकूर जोडून आदेश तयार करण्याऐवजी पॅरामीटर, म्हणजे मजकूर आदेशाबाहेरून वेगळा पुरवण्याच्या जागा, वापरले की हा प्रश्न आणि वसईच्या डिसोझा आडनावातील रोमन लिपीत येणाऱ्या वरच्या स्वल्पविरामाने आदेश मोडण्याचा प्रश्न, दोन्ही एकदम सुटतात. परक्याने चौकटीतून घातक आदेश घुसवण्याची वाटही बंद होते.

फॉर्म गोठण्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. एक्सेलमधील जुनी ग्रंथसूची आत घेताना माझा फॉर्म पांढरा पडला आणि वरच्या पट्टीवर 'प्रतिसाद देत नाही' असे दिसू लागले. संगणक जुना झाला, असे वाटून मी रॅम वाढवण्याचा भाव काढून आलो. वस्तुतः फॉर्मचा सगळा कारभार एकाच धाग्यावर (थ्रेड, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा क्रम) चालतो: माउस, कळा, खिडकी पुन्हा रंगवणे, सर्व काही. त्या धाग्याला आपण हजारो नोंदींच्या कामाला जुंपले की खिडकीकडे पाहायला कोणी उरत नाही आणि सुमारे पाच सेकंद उत्तर न मिळाल्यास विंडोज ती खिडकी गोठलेली जाहीर करते. लांब काम 'टास्क.रन' कडे, म्हणजे दुसऱ्या धाग्याकडे, सोपवून त्याच्यापुढे 'अवेट' लिहिणे, हा आजचा उपाय. काम चालू असताना बटन निष्क्रिय करावे, नाहीतर अधीर हात ते पुन्हा दाबतात आणि सूची दोनदा आत येते. त्या दुसऱ्या धाग्यातून लेबलचा मजकूर थेट बदलू गेल्यास, ज्या धाग्यावर लेबल तयार झाले त्याखेरीज इतर कोणी त्याला हात लावू नये, असा अपवाद येतो. 'अवेट' च्या पुढच्या ओळीत बदल केला तर तो आपसूक योग्य धाग्यावर होतो. 'डू इव्हेंट्स' नावाची जुनी जडीबुटी अजून सर्रास सुचवली जाते. तिने खिडकी हलती राहते, पण चालू कामाच्या मध्येच दुसरे क्लिक आत शिरतात आणि मग जे होते ते शोधणे गोठलेल्या फॉर्मपेक्षा कठीण असते.

प्रवेशाचा (लॉगिनचा) फॉर्म केला असेल त्यांच्यासाठी एक सूचना. प्रवेशाचा फॉर्म लपवून मुख्य फॉर्म दाखवला आणि मुख्य फॉर्म फुलीने बंद केला, तर लपलेला फॉर्म जिवंत असल्याने प्रोग्रॅम संपतच नाही. पडद्यावर काही दिसत नाही. दुसऱ्या बांधणीत मात्र फाइल दुसऱ्या प्रक्रियेने धरून ठेवली आहे आणि दहा वेळा प्रयत्न करूनही तिची प्रत करता आली नाही, अशी तक्रार येते. टास्क मॅनेजरमधून ती प्रक्रिया संपवणे ही तात्पुरती सोय. कायमचा इलाज म्हणजे 'प्रोग्रॅम.सीएस' मध्ये प्रवेशाचा फॉर्म आधी 'शो डायलॉग' ने दाखवावा आणि उत्तर होकारार्थी आले तरच मुख्य फॉर्म 'ॲप्लिकेशन.रन' ला द्यावा.

मांडणीबद्दल साधनाकडे सोयी उत्तम आहेत, पण त्या कोणी आपणहून सांगत नाही. माझ्या लॅपटॉपवर पडद्याच्या दीडशे टक्के प्रमाणात (स्केलिंग) सुबक दिसणारा फॉर्म काउंटरवरच्या १३६६ बाय ७६८ च्या जुन्या पडद्यावर उघडला तेव्हा 'जतन करा' हे बटन टास्कबारच्या खाली गेले होते. व्हिज्युअल स्टुडिओ वर पिवळी पट्टी दाखवून शंभर टक्के प्रमाणात पुन्हा सुरू करण्यास सुचवते, ती पट्टी नवशिका जाहिरात समजून बंद करतो. ती ऐकावी. 'अँकर' (कडेपासूनचे अंतर कायम राखणारा) आणि 'डॉक' (कडेला चिकटवणारा किंवा उरलेली जागा भरणारा) हे दोन गुणधर्म पहिल्याच आठवड्यात शिकावेत. यादीला 'डॉक फिल' दिल्यावर तिच्या वरच्या ओळी टूलबारखाली दडल्या, तर यादीवर उजवे क्लिक करून 'ब्रिंग टू फ्रंट' करावे. डॉकिंग मागून पुढे या क्रमाने होते, त्यामुळे उरलेली जागा व्यापणारा घटक सर्वांत पुढे हवा. मराठी मजकुराच्या वेलांट्या आणि उकार लेबलच्या कडेला कापले जात असतील तर निर्मला यूआय हा फॉन्ट घ्यावा, 'ऑटो साइझ' चालू ठेवावे आणि उंचीत हात आखडता घेऊ नये.

शेवटची पायरी म्हणजे तयार प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर नेणे. 'बिन' मधील ईएक्सई फाइल पेनड्राइव्हवर टाकून काउंटरच्या संगणकावर नेली की ती सुरू होत नाही, कारण नव्या डॉट नेटमध्ये ती फाइल केवळ दाराची घंटा असते. प्रत्यक्ष प्रोग्रॅम शेजारच्या त्याच नावाच्या डीएलएल फाइलमध्ये असतो आणि त्याला बरोबरच्या इतर फाइलीही लागतात. सगळे फोल्डर नेले तरी त्या यंत्रावर डॉट नेटचे डेस्कटॉप रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारा भाग) नसेल तर ते बसवण्याची सूचना येते. प्रकल्पावर उजवे क्लिक करून 'पब्लिश' निवडावे आणि तेथे 'सेल्फ कंटेन्ड' हा पर्याय घ्यावा. फोल्डर शंभर मेगाबाइटच्या वर जाते, पण त्या यंत्रावर वेगळे काही बसवावे लागत नाही. जुन्या फ्रेमवर्कच्या ४.८ वर केलेल्या प्रोग्रॅमला ही कटकट नाही, कारण विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये ते आधीच असते. काउंटर एकच असेल आणि प्रोग्रॅम वर्षानुवर्षे तसाच चालवायचा असेल तर मी ४.८ चा साचा निवडण्यास सांगेन. मी स्वतः नवा साचा घेतला आणि फोल्डर उचलून नेतो. दर सुधारणेनंतर ते काउंटरच्या संगणकावर वेगळ्या तारखेच्या नावाने ठेवतो आणि आधीचे महिनाभर खोडत नाही, कारण शनिवारी संध्याकाळी देवघेवीच्या रांगेत उभे असलेल्यांना माझ्या सुधारणांशी काही देणेघेणे नसते.